दोन खणांची खोली आणि एक पाठराखीण

जपानी स्वयंपाकघरात पीठ पाण्यात कालवताना ज्या गुठळ्या राहून जातात, त्यांना ‘मामाको’ म्हणतात. सावत्र मुलालाही हाच शब्द. बाकी पीठ एकजीव होतं, गुठळी मात्र वेगळीच राहते. उलट्या बारीक काट्यांचं एक रानझुडूपही तिकडे उगवतं. त्याच्या नावाचा अर्थ ‘सावत्र पोराचं ढुंगण पुसायचं पान’ असा आहे. ते नाव पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

ज्या भाषेत पीठ आणि रान दोन्हीकडे हा शब्द शिरलाय, त्या भाषेत सावत्र मुलांच्या छळाच्या कथांचा एक वेगळा प्रकारच असावा, यात नवल नाही. त्याला ‘मामाको इजिमे’ म्हणतात. इजिमे म्हणजे छळ. आज जपानी वर्तमानपत्रांत शाळेतल्या मुलांच्या छळाबद्दल हाच शब्द छापून येतो. पण या कथा हजार वर्षांपूर्वीपासूनच्या आहेत. त्यांना ‘जपानी सिंड्रेला’ म्हणून बाजूला ठेवलं की त्यातलं बरंच काही हातातून निसटतं. त्या कथा ज्या घरांत घडतात ती घरं कशी चालायची, हे आधी समजून घ्यायला हवं.

काळ हेइआन युगाचा, म्हणजे ७९४ ते ११८५. राजधानी आजच्या क्योतोत. दरबारी घराण्यांत तेव्हा मुलगी लग्न होऊन लगेच सासरी जात नसे. नवराच रात्री तिच्या घरी यायचा आणि पहाटे परतायचा. लागोपाठ तीन रात्री तो आला, तिसऱ्या रात्री दोघांनी मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट तांदळाचे छोटे गोळे, खाल्ले की लग्न झालं. पुरुषाला अनेक बायका असत. पुढे जोडपं वेगळं घर करायचं किंवा नाही, पण मुलं बहुतेक आईकडे, आजोळच्या छपराखाली वाढायची. जावयाचा पोशाख, त्याचा थाटमाट, त्याच्या बढतीसाठी लागणारा आधार हे सगळं मुलीच्या घरचे बघायचे.

आता यात सावत्र आई कुठे आली? एरवी येतच नाही. बापाच्या दोन बायका दोन घरांत, त्यांची मुलं आपापल्या आजोळी. मूल सावत्र आईच्या हाती सापडायचं ते एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या तर: आई गेली, आणि आजोळीही सांभाळणारं कोणी उरलं नाही. मग बाप त्याला आपल्या घरी आणतो. त्या घराची मालकीण असते ‘किता नो काता’, शब्दशः उत्तरेकडच्या बाईसाहेब, कारण पट्टराणीसारखी मुख्य बायको वाड्याच्या उत्तरेकडच्या भागात राहायची. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही आपली म्हण या मुलींना नेमकी लागू पडते. त्यांच्याकडे मावशीसुद्धा उरलेली नसते.

त्या काळच्या भाषेत अशा मुलीला काय कमी आहे ते सांगायला एक शब्द होता: ‘उशिरोमी’. उशिरो म्हणजे मागे, मी म्हणजे पाहणं. मागे उभं राहून पाहणारं, पाठीशी असणारं माणूस. या सगळ्या कथा मला या एका शब्दाभोवती फिरताना दिसतात. आई नाही, तर पाठीशी कोण?

यातली सर्वांत जुनी, आजही पूर्ण वाचता येणारी मोठी कथा म्हणजे ‘ओचिकुबो मोनोगातारी’. मोनोगातारी म्हणजे कथा. चार भागांची, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. लिहिणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. आपल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरू होतात, तशी ही ‘इमा वा मुकाशी’ म्हणून सुरू होते: आता ते जुनं झालं. चूनागोन पदावरचा एक दरबारी, त्याला पुष्कळ मुली. थोरल्या दोघींची लग्नं होऊन त्या थाटात राहताहेत, धाकट्या दोघींचं कोडकौतुक चाललंय. आणखी एक मुलगी आहे, आता हयात नसलेल्या दुसऱ्या बायकोची. ती बायको राजघराण्याच्या रक्ताची होती.

या मुलीला सावत्र आई ठेवते ती मुख्य इमारतीला लागून असलेल्या, जमीन खाली गेलेल्या एका जागेत. अशा जागेला ‘ओचिकुबो’ म्हणतात, खचलेला खोलगट भाग. ती खोली दोन खणांची. (जपानीतही घर दोन खांबांमधल्या अंतराने, म्हणजे खणांनीच मोजत.) आणि किता नो काता फर्मान काढते की हिला सगळ्यांनी ‘ओचिकुबोच्या बाईसाहेब’ म्हणायचं. बहिणींच्या रांगेत हिला क्रमांक नाही, मुलीचा मान नाही, दासीचंही धड नाव नाही. खोलीचं नाव तेच तिचं नाव. बापही पुढे तेच नाव घेतो.

तिला मारहाण होते का? नाही. तिला शिवायला बसवतात. तिचा हात शिवणकामात असा चालतो की घरातल्या जावयांचे सगळे पोशाख तिच्याकडे येतात. आज हा, उद्या तो, रात्रभर जागून पूर्ण कर. इथे मघाचं लग्नाचं गणित आठवा. जावयाचा पोशाख ही मुलीच्या घरची इभ्रत. दरबारात रंग, पदर, शिवण बघून घराणं ओळखायचे. म्हणजे त्या खोलगट खोलीत बसलेली मुलगी अख्ख्या घराची अब्रू सुईने शिवते आहे आणि तिच्या अंगावर मात्र फाटकं. पुढे लग्न झालेल्या तिसऱ्या मुलीचा नवरा पोशाखाची तारीफ करतो तेव्हा किता नो काता म्हणते, गप्प बसा, तिच्या कानावर जाऊ देऊ नका, शेफारेल ती.

मला या कथेत सावत्र आईपेक्षा बापाचा राग जास्त येतो. एकदा जाता जाता तो मुलीच्या खोलीत डोकावतो. थंडीत ती अंगावर एकच पांढरा कपडा घालून बसलेली दिसते. त्याला वाईट वाटतं. बायकोला सांगतो, मुलींचे जुने कपडे असतील तर दे तिला, रात्री गारठा असतो. बायको म्हणते, देतेच की, तीच टिकवत नाही. संपलं. तो त्यापुढे एक प्रश्नही विचारत नाही. एक हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाला हे नेमकं दिसलं होतं की छळ करायला एक माणूस पुरतं, पण तो चालू राहायला दुसऱ्याने मान फिरवावी लागते.

आणि आता अकोगी. ही त्या मुलीची एकुलती एक दासी, तिच्या आईच्या काळापासूनची, वयाने तिच्याच बरोबरीची. तिचं आधीचं नाव काय होतं माहीत आहे? उशिरोमी. हा शब्दच तिचं नाव होता. किता नो काता तिला आपल्या तिसऱ्या मुलीच्या सेवेला लावते, आणि ‘उशिरोमी’ हे नाव बरं दिसत नाही म्हणून बदलून ‘अकोगी’ ठेवते. मुलीची पाठराखीण काढून घेतली ती अशी, आधी नाव पुसून. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात तिला आपण पाठराखीण म्हणतो. उशिरोमीला मला मराठीत याहून जवळचा शब्द सापडत नाही. नाव गेलं तरी अकोगी काम सोडत नाही. नोकरी तिसऱ्या मुलीची, जीव या मुलीत.

अकोगीचा नवरा कोरेनारी हा मिचियोरी नावाच्या उमद्या सरदारपुत्राच्या दाईचा मुलगा. त्या धाग्याने मिचियोरीपर्यंत बातमी जाते. घरची सगळी मंडळी इशियामाच्या देवळाला यात्रेला गेलेली असताना तो पहिल्यांदा येतो. मुलगी त्या रात्री लाजेने रडते. त्याच्यामुळे नव्हे, आपल्या फाटक्या कपड्यांमुळे. दुसऱ्या दिवशी अकोगी धावत सुटते. तिची एक मावशी इझुमी प्रांताच्या सुभेदाराची बायको. तिच्याकडून पांघरूण, पडदा उसना आणते आणि तिसऱ्या रात्रीसाठी मोची करून मागते, कशासाठी ते न सांगता. मुलीच्या आईने जे करायचं ते सगळं एक दासी इकडून तिकडून मागून उभं करते. या दोन दिवसांची धावपळ लेखकाने इतक्या बारकाईने लिहिली आहे की वाचताना आपणही तिच्याबरोबर धापा टाकतो.

तिसरी रात्र. मुसळधार पाऊस. मिचियोरी आला नाही तर लग्न मोडलं, मोची वाया. तो आणि कोरेनारी एका मोठ्या छत्रीखाली पायी निघतात. वाटेत एका बड्या अधिकाऱ्याच्या लवाजम्यातले लोक त्यांना चोर समजून अडवतात आणि खाली बसायला लावतात, तेही नेमकं शेणघाणीत. मिचियोरी तसाच येतो, पाय धुतो, आत जातो. या प्रसंगावर सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने इ.स. १००० च्या सुमारास आपल्या टिपणांत शेरा मारून ठेवला आहे: पावसात येणं छान, पण ते पाय धुणं नको वाटतं, किती घाण असेल! म्हणजे तेव्हाच दरबारातल्या बायका ही कथा वाचत होत्या, तिच्यावर बोलत होत्या.

पुढे एका रात्री मिचियोरी लपून आलेला असताना ती शिवते आहे आणि तो समोर बसून कापडाची बाजू धरतो आहे. मला हा या कथेतला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो.  नेमकी किता नो काता फटीतून बघते. तो कोण हे तिला कळत नाही, पण असा देखणा पुरुष तिच्यामागे उभा राहिला तर शिवायला कोण बसेल, हे बरोबर कळतं. ती नवऱ्याला सांगते की हिने अकोगीच्या नवऱ्याशी, एका नोकराशी, संधान बांधलंय. बाप चौकशी न करता म्हणतो, कोंडा तिला, खायला देऊ नका.

कोठीची खोली, कोंदट वास, बाहेरून कुलूप. आणि किता नो काताचा एक साठीचा काका, सरकारी वैद्यखात्यातला दुय्यम अधिकारी. मुलगी तुला देते, म्हणून ती त्याला किल्ली देते. आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे, आणि कथाही त्याची भीती लपवत नाही. पहिल्या रात्री अकोगी आणि मुलगी मिळून पोटात कळ आल्याचं नाटक करतात, वैद्यबुवांना शेकायला दगड गरम करून आणायला पिटाळतात. दुसऱ्या रात्री दार आतून अडवून ठेवलेलं असतं. म्हातारा हिवाळ्यात बाहेर दार ढकलत बसतो, पोटात थंडी भरते आणि त्याला कपडे सावरत पळ काढावा लागतो. त्या काळातल्या वाचक मुली इथे खळखळून हसल्या असतील, आणि मला ते हसू फार मोलाचं वाटतं. किता नो काताचा दहा वर्षांचा मुलगा, ज्याला नायिका कोतो, म्हणजे एक तारांचं वाद्य, वाजवायला शिकवायची, तोही काहीतरी निमित्त काढून हट्टाने दार उघडायला लावतो आणि चिठ्ठी आत पोचवतो. मग घरातले कामोच्या उत्सवाची मिरवणूक बघायला जातात तेव्हा मिचियोरी गाडी घेऊन येतो, दार फोडतो आणि तिला घेऊन जातो.

या सगळ्यात देव नाही, चमत्कार नाही, परी नाही, हे लक्षात घ्या. उसना पडदा, मोची, चिठ्ठी, बैलगाडी. एवढ्यावर सुटका होते.

कथा इथे थांबत नाही, आणि पुढचा भाग अवघड आहे. मिचियोरी सूड घेतो. चौथ्या मुलीशी लग्न ठरवतो आणि ऐन वेळी आपल्या जागी एका दूरच्या नातेवाइकाला पाठवतो, ज्याला त्याच्या पांढऱ्याफटक लांब चेहऱ्यामुळे दरबारात घोडा म्हणून चिडवतात. देवळाच्या वाटेवर, उत्सवात, दोन्ही घरांच्या गाड्यांची टक्कर लावून बेइज्जत करतो. चूनागोनने दुरुस्त करून सजवलेलं सान्जोचं घर कागद दाखवून ताब्यात घेतो. कागद असतो या मुलीजवळ, कारण घर तिच्या आईचं होतं. हे घराचं मला पटतं. चौथ्या मुलीचं पटत नाही. तिने कोणाचं काय वाईट केलं होतं? नायिकेलाही ते सहन होत नाही, ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा अडवते, बापाची कीव करते. शेवटी बापलेकीची भेट होते. म्हाताऱ्या चूनागोनसाठी मोठे धार्मिक सोहळे होतात, मिचियोरी स्वतःचं पद सोडून त्याला बढती मिळवून देतो. आणि एक गोष्ट त्या काळासाठी अगदी जगावेगळी: मिचियोरी आयुष्यभर दुसरी बायको करत नाही. उजव्या मंत्र्याच्या मुलीचं स्थळ चालून आलेलं असतानाही. अनेक बायकांच्या त्या जगात, ज्या मुलीला बापाच्या दुसऱ्या घराने चिरडलं तिला लेखकाने दुसरं घर नसलेला नवरा दिला.

अशा कथा तेव्हा किती होत्या, याचा पुरावा ‘गेन्जी मोनोगातारी’त आहे. मुरासाकी शिकिबूने ती अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. त्यात कथानायक गेन्जी आपल्या लहान मुलीसाठी कथा निवडताना दुष्ट सावत्र आईच्या कथा बाजूला काढतो, कारण तशा फार असतात, आणि मुलगी वाढते आहे ती सावत्र आईच्याच हाताखाली. ती सावत्र आई म्हणजे कथेतली मुरासाकी, जी स्वतः आईविना वाढलेली. ती त्या मुलीवर इतकी माया करते की मुलीच्या मनात तसा विचारही येत नाही. कथांच्या ढिगाला दिलेलं हे फार शांत उत्तर आहे.

‘गेन्जी’तच ‘सुमियोशी मोनोगातारी’चाही उल्लेख येतो. मूळ दहाव्या शतकातली कथा हरवली, आज हाती आहे ती पुढच्या, कामाकुरा काळात (बारावं ते चौदावं शतक) नव्याने लिहिलेली. तिच्यात मुलगी सुटकेची वाट बघत नाही. म्हाताऱ्याशी लग्न लावण्याचा डाव कळल्यावर ती आपल्या दाईच्या मुलीबरोबर पळते, आजच्या ओसाकात असलेल्या सुमियोशीला, आईच्या जुन्या दाईकडे, जी आता जोगीण झाली आहे. पाठराखीण इथेही आईकडचीच. प्रियकर हात्सुसेच्या देवळात मुक्काम करतो, स्वप्नात ठिकाण कळतं, आणि समुद्रकाठच्या पाइनच्या वाऱ्यात मिसळलेल्या कोतोच्या सुरावरून तो तिला शोधतो. स्वप्न आलं म्हणजे देव कथेत शिरला.

आणखी पुढे तो पूर्ण शिरलेला दिसतो. मुरोमाची काळातली (चौदावं ते सोळावं शतक) ‘हाचिकाझुकी’, म्हणजे डोक्यावर वाडगा असलेली मुलगी. हिची आई मरताना मुलीच्या डोक्यावर एक पेटी ठेवते आणि वर मोठा लाकडी वाडगा उपडा घालते. तो निघता निघत नाही. सावत्र आई विद्रूप पोर म्हणून तिला हाकलते. मुलगी नदीत उडी टाकते, तर वाडग्यामुळे तरंगते. एका सरदाराच्या घरी न्हाणीघराचं पाणी तापवायचं काम मिळतं, धाकटा मुलगा तिच्यावर जीव लावतो. घरचे चारही सुनांची तुलना ठेवतात, म्हणजे ही लाजून निघून जाईल. आदल्या रात्री दोघं घर सोडायच्या बेतात असताना वाडगा गळून पडतो. आतून सोनं, चांदी, उंची वस्त्रं. ‘सुना’ हा शब्द बघा. आता मुलगी सासरी जायला लागली आहे, परीक्षा सासरची आहे. लग्नाची रीत बदलली तशी कथाही बदलली. आणि पाठराखीण आता दासी नाही, हासेच्या देवळातली कान्नोन, करुणेची देवता, जिच्याकडे आईने मूल मागितलं होतं. हाचिकाझुकीचं गाव त्या काळच्या कावाची प्रांतात, ओसाकाजवळ. तिथल्या नेयागावा शहराने आज तिला आपलं बोधचिन्ह केलं आहे, डोक्यावर वाडग्यासकट.

मुलग्यांच्या कथा वेगळ्याच वाटेने जातात. तिथे सावत्र आई मुलाच्या प्रेमात पडते, तो नकार देतो, ती आळ घेते. दहाव्या शतकातल्या ‘उत्सुहो मोनोगातारी’तला तादाकोसो असाच घर सोडून भिक्षू होतो. या वाटेचं एक टोक थेट आपल्याकडे येतं. बाराव्या शतकातल्या ‘कोंजाकु मोनोगातारी’ या हजाराहून अधिक कथांच्या संग्रहाचे पहिले पाच खंड भारतातल्या कथांचे आहेत, आणि त्यात सम्राट अशोकाचा मुलगा कुणाल आहे. सावत्र आईला नकार दिला, तिने खोटा हुकूम धाडून तक्षशिलेत त्याचे डोळे काढवले. मग धर्मोपदेश ऐकताना लोकांच्या डोळ्यांतून आलेली आसवं गोळा करून त्याचे डोळे धुतात आणि दृष्टी परत येते. पाटलिपुत्राचा राजपुत्र क्योतोत ऐकला जात होता, आणि तिथेही त्याच्यासाठी लोक रडत होते.

पुन्हा एकदा त्या खोलगट खोलीकडे. ओचिकुबोच्या शेवटी किता नो काता म्हातारी झाली आहे. सावत्र मुलीने तिला क्षमा केली आहे, मानाने वागवलं आहे, धर्मकार्यासाठी जोगीण करून दिलं आहे. तरी राग आला की ती पुटपुटते: मला मासे खावेसे वाटतात आणि हिने मला जोगीण केलं, पोटी न जन्मलेलं लेकरू असंच वाईट मनाचं असतं. लेखकाने तिला सुधारलं नाही, म्हणून ती मला खरी वाटते.

पण शेवटचं वाक्य तिचं नाही, नायिकेचंही नाही. अकोगी राजवाड्यात मोठ्या अधिकारपदावर पोचलेली असते, आणि कथा संपते ती या शब्दांवर: ती दोनशे वर्षं जगली, असं म्हणतात.